चाळीसचा आवाज

"स्प्रिंग बघ. स्प्रिंगच ढिली पडली असणार," मी म्हणालो.

घड्याळ्याने उत्तर दिलं नाही. माझ्या गाडीचा मीटर त्याने डॅशबोर्डमधून काढून टेबलावर पालथा घातला होता आणि डोळ्याला भिंग लावून तो त्याच्या पोटात बघत होता. ओठ मात्र हलल्यासारखे वाटले. हा गडी पहिल्यापासून असाच मिळमिळीत. मोकळ्या गळ्याने दोन शब्द बोलेल तर शपथ.

"काय म्हणालास? नीट बोल की जरा!"

त्याने भिंग काढून मान वर केली. "बघतोय म्हटलं, मास्तर. स्प्रिंग चांगली दिसतेय. तुम्ही बसा ना."

"चांगली कशी असेल? परत बघ."

मी काही बसलो नाही. माझी गाडी माझ्याकडे राहणार की जाणार, हे त्या केसाएवढ्या स्प्रिंगवर ठरायचं होतं. अशा वेळी स्टुलावर बसून पाय कोण हलवणार?

मला मास्तर म्हणतात, पण मी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. मी गाडी शिकवायचो. उभं आयुष्य डावीकडच्या सीटवर गेलं. या शहरातले निम्मे डॉक्टर, दुकानदार, कारकून माझ्या हाताखालून गेलेत. एकमेकांना गाडी शिकवता शिकवता घटस्फोटापर्यंत पोचलेली दोन जोडपी मी वेळेवर ताब्यात घेतली, त्यांचे संसार आजही नीट चाललेत. शिकवताना माझा एकच हेका असायचा, काट्याकडे बघायचं नाही. काट्याकडे बघितलंत की रस्ता सुटला. इंजिन ऐका. तिसाचा एक आवाज असतो, चाळीसचा एक असतो, साठला गाडी वेगळंच बोलायला लागते. मी मीटरवर पुठ्ठा लावायचो आणि विचारायचो, "बोला, किती?" चुकलं की ओरडायचो. माझं ओरडणं गावभर प्रसिद्ध होतं. मी स्वतः तर पुठ्ठा नसतानाही काट्याकडे कधी बघितलं नाही. चाळीसचा आवाज माझ्या अंगात मुरला होता.

आणि मागच्या आठवड्यात हे झालं.

शाळेसमोरून चाललो होतो. तिथे एक बाई हातात पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देतात. मी आपला नेहमीच्या चालीने येत होतो आणि एकदम बघतो तर बाई रस्त्याच्या मधोमध, तोंड उघडलेलं, पाटी माझ्याकडे रोखलेली. करकचून ब्रेक मारला. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्यांच्या पाठीमागे दोन मुलं होती, एकमेकांचा हात धरून. बाई खिडकीशी आल्या आणि मला नाही नाही ते बोलल्या. "साठने येताय शाळेसमोरून? वय झालं तरी अक्कल नाही?"

साठ? मी? मी पण सोडलं नाही. "बाई, तुमच्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय, चाळीसच्या वर गेलो असेन तर नाव बदलीन," असं तिथेच सुनावलं. घाबरलेल्या माणसाला सगळंच वेगात दिसतं, हे मी हजार वेळा पाहिलंय. पण घरी येताना मनात काय आलं कोण जाणे, काट्याकडे बघितलं. कान म्हणत होते चाळीस. काटा साठवर. तिथेच ओळखलं, मीटर बिघडलाय. जुनी गाडी आहे, चालायचंच.

त्या बाई निघाल्या माझ्या लेकीच्या वर्गातल्या. त्यांनी तिला कळवलं. लेक सासरच्या गावाहून रजा टाकून आली ती भांडणाच्या तयारीनेच. आमच्या घरात बोलणं म्हणजे ओरडणंच. तिचा गळा माझ्यावर गेलाय, आणि समोरासमोर उभे राहिलो की आम्हा बापलेकींचं बोलणं चार घरांना फुकटात ऐकायला मिळतं.

"बाबा, ती दोन मुलं होती समोर! कळतंय का तुम्हाला?"

"मीटर बिघडलाय म्हणतो ना मी!"

"मीटरमुळे गाडी पळते का?"

"मी चाळीसनेच होतो. ते मीटरवरून सिद्ध करून दाखवतो."

"आणि फोन का उचलत नाही तुम्ही?"

हे तिचं मध्येच. भांडण एका विषयावर ठेवायचं हे तिला कधी जमलंच नाही, आईवर गेली आहे.

"वाजला तर उचलीन ना! आठ-पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा आणि वर बापालाच बोलायचं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. मीटर दाखवा. बिघडलेला निघाला तर मी तुमची माफी मागते, त्या बाईंकडे जाऊन तुमची बाजूही मांडते. चांगला निघाला तर गाडीची किल्ली माझ्याकडे."

"कबूल!" मी म्हणालो. म्हणून तर घड्याळ्याकडे आलो होतो.

घड्याळ्या आधी घड्याळं दुरुस्त करायचा. लोकांनी घड्याळं दुरुस्त करणं सोडलं तेव्हा तो गाड्यांच्या मीटरकडे वळला. हात तोच, चिमटा तोच, गिऱ्हाईक तेवढं बदललं. गल्लीच्या टोकाला एवढंसं दुकान, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पोट आत घ्यायचं. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे वेग नीट करणाऱ्या या माणसाला स्वतःला गाडी चालवता येत नाही. माझ्याकडे आला होता शिकायला. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी दूधवाल्याच्या पायऱ्यांवर चढवली, मी जरा बोललो, चौथ्या दिवशी साहेब आलेच नाहीत. पण मनात काही ठेवलं नाही त्याने. आमची ही होती तेव्हा घरचं भिंतीवरचं घड्याळ दर वर्षी तोच येऊन साफ करायचा आणि तिच्याशी तासभर बोलत बसायचा.

ही जाऊन दोन वर्षं झाली.

ती गेली आणि घर एकदम शांत झालं. घर शांत होणारच, त्यात काय नवल. दारावरची बेल थांबली, फोन थांबला, वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या तरी नुसत्याच बघून पुढे जायला लागल्या. पहिले काही महिने मी दार वाजेल म्हणून वाट बघायचो. मग समजलो, लोक तिच्यासाठी यायचे, माझ्यासाठी कोण येणार? मी आयुष्यभर सगळ्यांवर ओरडलो, त्याचं हे फळ. संध्याकाळी गाडी काढायचो आणि गावातून एक फेरी मारायचो. ज्यांना शिकवलं त्यांच्या गल्ल्यांतून जायचो. पूर्वी दर दहा पावलांवर "मास्तर!" म्हणून हाक यायची, मला कंटाळा यायचा त्याचा. आता कुणी हाक मारेना. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण गाडीत बसलं की निदान कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं. घरात नुसतं बसल्यासारखं वाटतं. म्हणून गाडी जाऊ द्यायची नव्हती. बाकी काही नाही.

"मास्तर," घड्याळ्याने माझ्या दंडाला हात लावला. "इकडे बघा."

मीटर उघडून त्याने मला आतलं दाखवलं. "काटा जास्त दाखवायला दोन-तीन कारणं असतात. गिअरबॉक्सकडून तार येते ना, तिच्यातून तेल वर चढतं आणि या वाटीत साचतं. मग वाटी ओढली जाते आणि काटा पुढे पळतो."

"मग तेच असणार!"

"कोरडी आहे. बोट लावून बघा."

लावलं. कोरडी होती.

"दुसरं म्हणजे स्प्रिंग. ती दोनदा बघितली. आता हे बघा." त्याने एक मोटर काढली, तिला आधी दुकानातला चांगला मीटर जोडला आणि चालू केली. काटा चाळीसवर जाऊन उभा राहिला. मग तीच मोटर माझ्या मीटरला जोडली. काटा उठला आणि चाळीसवर जाऊन उभा राहिला. जराही इकडेतिकडे नाही.

"टायर!" मी म्हणालो. "टायर लहान असले की चाक जास्त फिरतं, काटा जास्त दाखवतो. मागच्या साली बदललेत टायर. त्या माणसाने लहान घातले असणार. चोर आहे तो."

घड्याळ्या निमूटपणे उठला, बाहेर जाऊन गाडीपाशी उकिडवा बसला, टायरवरचा आकडा वाचला, दार उघडून आतल्या पट्टीवरचा आकडा वाचला. चारही चाकांना प्रदक्षिणा घालून परत आला आणि मान हलवली. टायर बरोबर होते.

"मग तुझी मोटरच खोटं बोलतेय."

दुसरा कुणी असता तर उखडला असता. तो म्हणाला, "मग रस्त्यावर बघू. मीटर बसवतो. पण चालवायचं तुम्ही, मला कुठे येतंय?"

"तीन दिवसांत पळून गेल्यावर कसं येणार?"

तो हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी कुणाबरोबर हसलो.

गावाबाहेर कालव्याकाठचा रस्ता सरळ आहे आणि त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. पूर्वी मी पोरांना तिथेच न्यायचो. तो डावीकडे बसला, माझ्या जागी. निघताना त्याने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि मीटरवर अडकवला.

"तुमचीच पद्धत," तो म्हणाला. "दगड येण्याआधी गाडी चाळीसवर आणा, ऐकून. आणि तशीच ठेवा. दगड ते दगड मी वेळ मोजतो. चाळीसने गेलो तर दीड मिनिट लागायला पाहिजे."

"दीड मिनिटाला एक सेकंद इकडेतिकडे झाला तर मास्तर म्हणू नकोस."

मी गिअर टाकले. गाडी मस्त चालली होती. मी त्याला म्हणालोसुद्धा, "बघ, म्हातारी झाली तशी कशी समजूतदार झाली आहे. वर्षभरात किती शांत झालीय." तो काहीतरी पुटपुटला. मी कान इंजिनाकडे दिला. तीस झाले, पस्तीस झाले, आणि मग तो ओळखीचा आवाज आला. चाळीस. तिथे मी पाय धरून ठेवला. खरं सांगतो, फार बरं वाटलं. डोळ्यांनी आता लहान अक्षर दिसत नाही, गुडघे जिन्यावर कुरकुरतात, पण हे एक माझं मला येत होतं. पहिला दगड गेला. दुसरा गेला. मी गाडी बाजूला घेतली.

"बोल."

त्याने घड्याळ बघितलं. परत बघितलं. माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाला, "एक मिनिट."

"एक मिनिट किती?"

"एक मिनिटच. साठने आलो आपण."

"तुझं घड्याळ बंद पडलंय," मी म्हणालो.

घड्याळ्याला एवढ्या वर्षांत मी पुष्कळ बोललो असेन, पण हे त्याला लागलं. त्याने मनगट माझ्या नाकासमोर धरलं. सेकंदाचा काटा छान फिरत होता.

"परत," मी म्हणालो. इंडिकेटर दिला, गाडी वळवली आणि आलो त्या रस्त्याने निघालो. या वेळी मी जीव तोडून ऐकत होतो. मध्यावर आलो तेव्हा मी ओरडलो, "हा बघ चाळीस! हाच! काढ पुठ्ठा!"

त्याने पुठ्ठा काढला. काटा साठवर होता.

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. किल्ली पुरती फिरवली नाही, तशीच राहिली. दोघंही समोर बघत बसलो. कालव्यात पाणी होतं. पलीकडून एक सायकलवाला गेला.

"मास्तर," घड्याळ्या माझ्याकडे वळून, तोंड समोर आणून म्हणाला, "तुम्हाला आत्ता काही ऐकू येतंय का?"

"आता काय ऐकू येणार? इंजिन बंद केलंय."

त्याने माझा डावा हात धरला आणि स्टिअरिंगच्या मागे, डॅशबोर्डवर नेऊन ठेवला. तळव्याला काहीतरी लागलं. बारीक, एकसारखं. टक. टक. टक. मी खाली बघितलं. मीटरमध्ये हिरवा दिवा लागत होता, विझत होता.

इंडिकेटर. वळलो तेव्हापासून चालू होता. या जुन्या गाडीत तो आपोआप बंद होत नाही, हाताने करावा लागतो. वळल्यावर इंडिकेटर तसाच ठेवणाऱ्याला मी गाडीतून उतरवून चालत पाठवलंय, एकदा तर एका वकिलाला कोटासकट. म्हणायचो, "एवढा टकटकतोय तो कानाशी, बहिरे आहात का?" बाजूने दुसऱ्याची गाडी गेली तरी तिच्यातला ऐकू यायचा मला.

मी हात तसाच ठेवून बसलो. हाताला कळत होतं. कानाला काही म्हणजे काही नव्हतं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"वळलो तेव्हापासून. मी दोनदा सांगितलं तुम्हाला."

"गाडी शांत झाली म्हणालो मगाशी..."

"मला वाटलं गंमत करताय. अहो, डब्यात खिळे भरून हलवावेत तशी वाजतेय ही."

म्हणजे असं होतं तर. आवाज कमी यायचा, म्हणून मी पाय दाबत जायचो, माझा ओळखीचा आवाज येईपर्यंत. तो यायचा तेव्हा गाडी साठवर पोचलेली असायची. त्या बाई मला मध्यात उभ्या दिसल्या, पण त्याआधी त्यांनी शिट्टी मारली असेल, ओरडल्या असतील. मला वाटलं एकदम उगवल्या. आणि त्यांच्या मागे ती दोन मुलं, हात धरून. हातभर अंतर होतं फक्त. मी त्यांनाच चार शब्द सुनावून आलो होतो.

घड्याळ्याने इंडिकेटर बंद केला. दिवा विझला.

"मी दुकानाशी आलो तेव्हा तू हाक मारलीस?" मी विचारलं.

"मारली की. गल्लीच्या तोंडाशीच. नेहमीच मारतो. तुम्ही बघत नाही."

"नेहमी?"

"रोज संध्याकाळी जाता ना तुम्ही दुकानावरून." मग तो प्रत्येक शब्द सुटा करून बोलला. "मला वाटलं, रागावलात. बाकीच्यांनाही तेच वाटतं. म्हणतात, वहिनी गेल्यापासून मास्तरांनी माणसं तोडली. शिष्ट झाले. मग हळूहळू लोकांनी हाका मारायचं सोडलं. मी आपला मारतो अजून, सवय आहे म्हणून."

दोन वर्षं मी या लोकांच्या नावाने बोटं मोडली. कृतघ्न म्हटलं. जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगायचो, बघ, तू गेलीस आणि कुणी फिरकलं नाही. आणि ते दाराशी येऊन बेल वाजवून गेले असतील, मी आत बसून शांततेला शिव्या देत असेन. घर शांत झालं ते ती गेली म्हणून, हे मी धरूनच चाललो होतो. मला दुसरं काही सुचलंच नाही.

आणि तिला तर माहीत असणार. आता एकेक आठवायला लागलं. दारावर कुणी आलं की ही माझ्या कोपराला हात लावून उठायची. बाहेर कुणी हाक मारली की म्हणायची, "अहो, ते बघा कोण बोलवतंय." फोन तीच घ्यायची आणि मग माझ्या समोर बसून, माझ्याकडे बघत, सगळं पुन्हा सांगायची. मला वाटायचं, काय ही बाई, एक गोष्ट दोनदा. चिडायचोसुद्धा. एका शब्दाने बोलली नाही मला. गाडीत शेजारी बसायची तेव्हा गुडघ्यावर हात ठेवायची, मी जरा जोरात गेलो की. मी समजायचो माया आहे. मायाच होती म्हणा ती.

मला रडू आलं. घड्याळ्यासमोर रडलो. तो बिचारा दुसऱ्या खिडकीतून कालवा बघत राहिला.

मग परत जायचा प्रश्न आला. त्याला गाडी येत नाही, आणि माझा आता माझ्यावर भरवसा नव्हता. किल्लीला हात लावायची भीती वाटली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी काटा वाचतो," घड्याळ्या म्हणाला. "तुम्ही रस्ता बघा."

"मोठ्याने वाच."

"तुमच्यासारखं?"

"माझ्यासारखं."

आणि त्या मिळमिळीत माणसाने काय गळा काढला! "तीस! बत्तीस! पस्तीस, पाय काढा मास्तर! तीस!" मी पाय काढत होतो, तो सांगेल तसं. उजवीकडे उजवीकडे, डावीकडे डावीकडे. वळून झालं की तो "इंडिकेटर!" म्हणून ओरडायचा, मी बंद करायचो. एवढं आज्ञाधारक गिऱ्हाईक मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

गाव आलं तेव्हा मी म्हणालो, "एक काम कर. कुणी हाक मारली तर तेही सांग."

तो सांगायला लागला. काटा, रस्ता आणि हाका, तिन्ही.

"पंचवीस. डावीकडे इस्त्रीवाला, मास्तर म्हणाला."

मी हात वर केला. इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली.

"वीस. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरीणबाई आहेत. बोलल्या नाहीत, नुसत्या बघतायत."

मी तरी हात वर केला. तिला मी हँडब्रेक सोडायला शिकवलं तेव्हा ती कॉलेजात होती. तिने आधी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला केला की काय म्हणून. मग दोन्ही हात हलवले.

"काय म्हणाली?"

"कुठे होतात एवढे दिवस, म्हणाल्या."

शाळेसमोर आलो. शाळा सुटून गेली होती, बाई नव्हत्या. तरी मी गाडी पार चालण्याच्या वेगावर आणली. घड्याळ्याने तिथे आकडा वाचला नाही.

लेक फाटकात उभी होती. गाडी लागते न लागते तोच घड्याळ्या उतरला आणि माझ्या आधी तिच्याकडे गेला. मला त्याचं तोंड दिसत होतं. तो म्हणत होता, "मीटरमध्येच होतं ताई, स्प्रिंग जरा..."

"गप रे," मी म्हणालो. "खोटं बोलायला येत नाही तर बोलू नये. मीटर चांगला आहे." मी किल्ली काढून लेकीपुढे धरली. "कान गेलेत माझे. साठनेच होतो मी. उद्या त्या बाईंकडे जायचं. चालत."

तिने किल्ली घेतली नाही. माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. मी भांडणाची वाट बघत होतो, पण ती ओरडली नाही, हळूच काहीतरी बोलली. त्यामुळे पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही, आणि मी ते सांगितलंही. "ऐकू येत नाही, पोरी. जोरात बोल."

"रोज," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "मी रोज फोन करते, बाबा. रात्री जेवणं झाली की. वाजून वाजून बंद होतो. मला वाटायचं, मी तुम्हाला माझ्याकडे राहायला घेऊन जाते म्हणाले होते म्हणून तुम्ही रागाने उचलत नाही."

"रोज?"

"रोज. कधीतरी उचलता तेव्हा म्हणता, आज आठवण झाली का."

उचलायचो तेव्हा मी फोनशेजारीच बसलेला असणार. बाकीच्या रात्री मी स्वयंपाकघरात एकटा ताट घासत होतो आणि आत फोन वाजत होता.

मी तिच्या तळहातावर किल्ली ठेवली आणि तिची बोटं मिटली. "कानाचं मशीन मिळतं बाबा," ती म्हणाली, "मग बघू गाडीचं." मी नको म्हणालो. मशीन आणू, फोन उचलीन. पण गाडी नको. ती दोन मुलं माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हती.

घड्याळ्याला चहासाठी थांब म्हणालो, तो दुकान उघडं टाकून आलोय म्हणाला आणि चालत निघाला. लेक गाडीतून पिशवी काढायला गेली. मी फाटकाला टेकून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. कोपऱ्यावर पोचल्यावर तो वळला. एवढ्या लांबून त्याचं तोंड काही नीट दिसेना, उघडलं आणि मिटलं एवढंच दिसलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

मी हात वर केला.